दातांची सर्व्हिसिंग : भीती, चकाकी आणि सहा महिन्यांचं गणित

बाइकची सर्व्हिसिंग आपण चुकवत नाही. एसीचा फिल्टर उन्हाळा लागायच्या आत साफ होतो. लॅपटॉप जरा हँग झाला की आयटीवाल्याच्या डेस्कशी जाऊन उभे राहतो. पार्लरची अपॉइंटमेंट तर दिवाळीच्या महिनाभर आधी पक्की! दातांच्या बाबतीत मात्र आपलं वर्षानुवर्षं एकच धोरण : दुखेल तेव्हा बघू.

गंमत म्हणजे हेच धोरण सगळ्यात महाग पडतं. मोठ्या माणसांचे दात जातात ते मुख्यतः दोन कारणांनी. एक कीड. ती उशिरा का होईना ठणकते, रात्रभर जागवते, धरून डॉक्टरकडे नेते. दुसरं कारण हिरड्यांचा आजार. तो बहुतेक वेळा दुखतच नाही! दाताभोवतीचं हाड गुपचूप झिजत राहतं आणि एक दिवस भाकरीचा तुकडा मोडताना लक्षात येतं, अरे, हा दात हलतोय.

या लेखाच्या निमित्ताने मी भेटेल त्याला एकच प्रश्न विचारत सुटले, 'दात कधी क्लीन करून घेतलेस?' ऑफिसं वेगवेगळी, पगार वेगवेगळे, पण उत्तरं तीनच. पहिलं : 'छे, स्केलिंग केलं की दात हलायला लागतात म्हणे!' दुसरं : 'लग्नाआधी केलं होतं, फोटोसाठी.' आणि तिसरं, थोड्या अभिमानाने : 'दर सहा महिन्यांनी. पॅकेजच घेतलंय.' भीती, चकाकी आणि नेम. तिन्ही उत्तरांत थोडं थोडं चुकतंय. कसं, ते बघू.

किटण चढतं कसं?

दातांवर सकाळी जो बुळबुळीत थर लागतो तो प्लाक. ते काही नुसतं उरलेलं अन्न नव्हे, ती जिवाणूंची वसाहत आहे. हॉलंडमधल्या डेल्फ्टचा कापडाचा व्यापारी अँटनी व्हॅन लेव्हनहूक याने स्वतःच्या दातांमधला हा पांढरा थर खरवडून आपल्या भिंगाखाली धरला, तर त्यात बारीक बारीक जीव वळवळताना दिसले. १६८३ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला तसं पत्र लिहिलं. म्हणजे माणसाने जिवाणू पहिल्यांदा पाहिले त्या सुरुवातीच्या ठिकाणांपैकी एक त्याचं स्वतःचं तोंड होतं!

प्लाक मऊ असतो, ब्रशने निघतो. पण जिथे ब्रश पोचत नाही तिथे लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात मुरतं आणि काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत, त्याचा दगड व्हायला लागतो. डॉक्टर त्याला टार्टर किंवा कॅल्क्युलस म्हणतात. आपल्याकडे त्याला जुना शब्द आहे, किटण. हे एकदा चढलं की ब्रश, मीठ, बेकिंग सोडा, रीलमधला कुठलाही 'हॅक', कशालाही दाद देत नाही.

आत्ता एक करा. जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूने फिरवा. खडबडीत लागलं? तिथेच किटण सगळ्यात लवकर जमतं, कारण लाळग्रंथींच्या नळ्या जिभेखाली बरोबर तिथे उघडतात. दुसरी आवडती जागा म्हणजे वरच्या दाढांची गालाकडची बाजू. तिथेही एका मोठ्या लाळग्रंथीची नळी उघडते.

किटण स्वतः फारसं काही करत नाही. पण त्याच्या खडबडीत अंगावर नवा प्लाक आरामात बसतो, अगदी हिरडीला चिकटून. मग हिरडी लाल होते, सुजते, ब्रश लागला की रक्त येतं. ही पहिली पायरी, जिंजिवायटिस.

ही पायरी किती पटकन येते, ते डेन्मार्कमधल्या आरहूसला हाराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. १९६५ साली छापून आलेल्या त्यांच्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणंच बंद केलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात ठीकही झाल्या! म्हणजे इथवर आलात तरी परत फिरता येतं.

पुढच्या पायरीवरून मात्र पूर्ण परत फिरता येत नाही. सूज तशीच राहिली, तर काहींच्या बाबतीत ती खाली उतरते. हिरडी दातापासून सुटते, मध्ये खिसा तयार होतो, खिशात पुन्हा प्लाक, पुन्हा किटण, आणि दाताला धरून ठेवणारं हाड विरघळायला लागतं. हा पेरिओडॉण्टायटिस. गेलेलं हाड आपोआप भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे १९ टक्के प्रौढांना हा आजार गंभीर स्वरूपात आहे. माणसांत मोजायचं तर शंभर कोटींच्या वर.

चेअरवर नेमकं काय होतं?

माझी वर्षाची तपासणी आलीच होती, म्हणून या वेळी वही घेऊनच गेले. मला वाटलं होतं, बसलं की लगेच मशीन सुरू. पण डॉक्टरांनी आधी मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक, बोथट सळई घेतली आणि प्रत्येक दाताभोवती हळूच टेकवत आकडे सांगायला सुरुवात केली. 'दोन, तीन, दोन. तीन, दोन, तीन...' असिस्टंट लिहून घेत होती. हे आकडे म्हणजे हिरडीच्या खिशाची खोली. एक ते तीन मिलिमीटर आणि रक्त नाही, म्हणजे झकास. चार किंवा जास्त, वर रक्त, म्हणजे लक्ष द्यायला हवं. माझ्या एका शेवटच्या दाढेमागे 'चार' आला आणि तिथे एक लाल ठिपकाही उमटला. खरं सांगते, दहावीच्या निकालानंतर आकड्यांची इतकी धास्ती पहिल्यांदाच वाटली!

मग आलं स्केलर. त्याचं टोक सेकंदाला पंचवीस हजारांहून जास्त वेळा थरथरतं आणि त्या थरथरीने किटण तडकून सुटतं. टोक तापू नये आणि सुटलेला कचरा वाहून जावा म्हणून सतत पाण्याचा फवारा. आवाज कानापेक्षा कवटीत जास्त ऐकू येतो. दुखलं का? दुखलं असं नाही. खालच्या पुढच्या दातांना झिणझिण्या आल्या, पाणी गार लागलं, तोंड उघडं ठेवून जबडा अवघडला. राहिलेले कोपरे हाताच्या अवजारांनी खरवडले आणि शेवटी रबरी कपावर पेस्ट घेऊन पॉलिश. सगळं मिळून पाऊण तास.

हे झालं साधं क्लीनिंग. खिसे खोल असतील तर हिरडीच्या खाली, मुळांवरचं किटण काढावं लागतं. त्यासाठी भूल देतात आणि बऱ्याचदा दोन किंवा जास्त सिटिंग्ज लागतात. ते सौंदर्य वगैरे काही नाही, तो सरळ सरळ आजारावरचा उपचार आहे. बिलावर 'डीप क्लीनिंग' लिहिलेलं दिसलं तर पॉकेटचे आकडे आणि एक्स-रे दाखवायला सांगा. चांगला डॉक्टर आनंदाने दाखवतो.

भीती : 'दात हलायला लागतात'

आता पहिलं उत्तर. ही अफवा नाही, हा अनुभव आहे, फक्त त्याचा अर्थ उलटा लावलाय. ज्यांच्या दातांवर वर्षानुवर्षांचं किटण असतं, त्यांच्यात ते दातांना एकमेकांशी बांधून ठेवतं. खालचं हाड आधीच गेलेलं असतं. किटण काढलं की दात जितके हलत होते तितके हलताना जाणवतात. सुजलेली हिरडी उतरते, मधल्या फटी दिसतात, उघडी पडलेली मुळं गार पाण्याला काही दिवस शिवशिवतात. भिंतीचे पोपडे काढल्यावर आतली ओल दिसली, तर दोष पोपडे काढणाऱ्याचा कसा?

आणि दाताचं एनॅमल? ते शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ आहे. नीट धरलेलं स्केलर किटण काढतं, दात घासून बारीक करत नाही. एनॅमलला खरा त्रास आहे तो कडक ब्रशने लाकूड तासल्यासारखे दात घासणाऱ्यांकडून.

चकाकी : 'फोटोसाठी केलं होतं'

स्केलिंग म्हणजे व्हाइटनिंग नव्हे. चहा-कॉफीचे, तंबाखूचे वरवरचे डाग निघतात, दात स्वच्छ दिसतात, हे खरं. पण दाताचा मूळ रंग तोच राहतो, आणि तो थोडा पिवळसर असणं अगदी नॉर्मल आहे, कारण एनॅमलखालचा थरच पिवळसर असतो. पांढरं करायची ट्रीटमेंट पेरॉक्साइडची, ती वेगळी आणि तिचं बिलही वेगळं. त्यामुळे क्लीनिंग करून आल्यावर आरशात जाहिरातीतलं हसू दिसलं नाही, तर पैसे वाया गेले असं समजू नका. ज्यासाठी दिले ते काम हिरडीच्या कडेला झालंय, जिथे कॅमेरा जात नाही.

नेम : 'दर सहा महिन्यांनी'

हे उत्तर देणारे सगळ्यात शहाणे, असं मलाही वाटत होतं. मग २०१८ चा कॉक्रेन रिव्ह्यू वाचला. त्यात ब्रिटनमधल्या १७११ प्रौढांवरच्या दोन अभ्यासांचा आढावा आहे. काहींचं स्केलिंग दर सहा महिन्यांनी, काहींचं वर्षाने, तर काहींचं ठरावीक असं नाहीच. दोन-तीन वर्षांनी हिरड्यांची सूज, रक्त आणि खिशांची खोली मोजली. फरक? जवळजवळ नाही!

मग काय, स्केलिंगला सुट्टी? थांबा. ही माणसं नियमित तपासणीला जाणारी होती आणि त्यांना हिरड्यांचा गंभीर आजार नव्हता. ज्याला शेवटचा डेंटिस्ट दहावीच्या सुट्टीत भेटला, त्याने या अभ्यासाचा दाखला देऊ नये. त्यातून निघतं ते एवढंच की निरोगी तोंडाला कॅलेंडर बघून घासून घ्यायची गरज नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना तर प्रौढांना पुन्हा कधी बोलवायचं याची मुदत तीन महिन्यांपासून चोवीस महिन्यांपर्यंत ठेवतात, ज्याचा त्याचा धोका बघून. सहा महिने हा आकडा सरसकट सगळ्यांचा नाही.

आणि धोका सगळ्यांना सारखा नसतो, हे सांगणारा अभ्यास तर आपल्या शेजारचाच आहे. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरचे ४८० मजूर, १४ ते ३१ वयाचे. त्यांना ना ब्रशची सवय होती, ना डेंटिस्टची सोय. याच हाराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षं त्यांचे दात तपासले. किटण जवळपास सगळ्यांच्याच दातांवर होतं. पण ११ टक्के लोकांचा आजार हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. ८१ टक्के लोकांचं हाड बेताने झिजत गेलं. आणि ८ टक्के लोकांचं भराभर. या शेवटच्या गटात पस्तिशीला सरासरी १२ दात गेलेले होते, चाळिशीला २० आणि पंचेचाळिशीला सगळे.

पंचेचाळिशीला सगळे! आपण त्या वयात होमलोनचे हप्ते भरत असू. आपण त्या अकरातले, एक्क्याऐंशीतले की आठातले, हे आरशात बघून कळत नाही. ती सळई आणि एक्स-रेच सांगतात. म्हणून तपासणी सगळ्यांना हवी, स्केलिंग ज्याला लागेल त्याला, लागेल तेव्हा.

जास्त सावध कोणी राहायचं?

सिगारेटवाले पहिल्या रांगेत. निकोटिनमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आजार असूनही रक्त कमी येतं. म्हणजे धोक्याचा दिवाच काढून टाकल्यासारखं. माझ्या कॉलेजच्या ग्रुपमधला एक मित्र, वय चौतीस, टपरीवर दिवसातून आठ-दहा वेळा जाणारा. वरच्या पुढच्या दोन दातांत फट पडायला लागली. दुखत नव्हतं, रक्त नव्हतं. आम्ही त्याला चिडवायचो, त्यालाही ती स्टाइल वाटायची. एक्स-रे काढला तेव्हा त्या दातांभोवतीचं निम्मं हाड गेलेलं होतं. 'ट्रीटमेंटने भरून येईल ना?' त्याने विचारलं. 'आहे ते टिकवू,' डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून ग्रुपवर फटीचे जोक बंद झालेत. तो दर तीन महिन्यांनी क्लीनिंगला जातो आणि सिगारेट सोडायच्या खटपटीत आहे.

दुसरे, मधुमेही. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात भारतात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज आहे, त्यामुळे 'आमच्यात कोणाला नाही' म्हणणारं घर सापडणं कठीणच. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही. २०२२ च्या एका कॉक्रेन रिव्ह्यूनुसार हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४३ टक्क्यांनी उतरलं. औषधांची जागा याने भरत नाही, पण ही बारीकसारीक गोष्टही नाही. आई-बाबांच्या शुगरच्या फाइलमध्ये डेंटिस्टचा कागद आहे का, एकदा बघा.

तिसऱ्या, गरोदर मैत्रिणी. हॉर्मोन्समुळे हिरड्या लवकर सुजतात. या काळात क्लीनिंग चालतं. मधले तीन महिने सगळ्यात सोयीचे.

आणि चौथी आपल्या घरातली जुनी पाहुणी, मशेरी. तंबाखू भाजून केलेली ही पूड दात घासायला म्हणून तोंडात जाते आणि व्यसन होऊन राहते. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ साली बंदी आली, गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीवर कोण लक्ष ठेवणार? माझी आजी दिवसातून तीनदा मशेरी लावायची. साठीच्या आत तिचे बहुतेक दात पडले आणि आम्ही सगळे म्हणालो, वय झालं. वयाने दात पडत नाहीत. दुर्लक्षाने चढलेल्या आजाराने पडतात, आणि तो वर्षं मोजत बसतो म्हणून वयाच्या नावावर खपतो.

खिशाचं काय?

हिरडीच्या नव्हे, आपल्या! साध्या क्लीनिंगला क्लिनिक आणि एरिया बघून काही शे रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंत काहीही सांगतात, म्हणून आधी विचारून घ्या. मेडिक्लेममध्ये हा खर्च सहसा बसत नाही. बजेट टाइट असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली सरकारी दंत महाविद्यालयं आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहेच. तिथे शिकणारे डॉक्टर सीनियर्सच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त जातो, पैसे कमी. एक हाफ डे टाका. एका इम्प्लांटच्या बिलात कित्येक वर्षांची क्लीनिंग्ज होतात, हे गणित एक्सेलशिवायही जमतं.

जाण्याआधी आणि आल्यावर

* डॉक्टरांना आधीच सांगा : रक्त पातळ करायच्या गोळ्या, हृदयाची बदललेली झडप, पेसमेकर, मधुमेह, गरोदरपण.
* डॉक्टरांना विचारा : माझी पॉकेट्स किती मिलिमीटर? रक्त कुठून येतंय? हाड कसं आहे? पुढची खेप कधी आणि तेव्हाच का?
* काही दिवस दात शिवशिवतील. आठवड्या-दोन आठवड्यांत थांबलं नाही तर फोन करा.
* ब्रश मऊ. हिरडीच्या कडेला साधारण ४५ अंशात तिरपा धरून, हलक्या हाताने, दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. दातांच्या मधे ब्रश जात नाही. तिथे फ्लॉस किंवा छोटा इंटरडेंटल ब्रश.
* रक्त येतंय म्हणून ती जागा सोडून घासू नका. तिथेच जास्त नीट घासायला हवं.

डॉक्टर तुमच्यासाठी वर्षातून फार तर दोन तास काम करतात. बाकीचं सगळं वर्ष दात तुमच्याच हातात असतात. तुम्हाला न निघणारा दगड काढून देणं हे त्यांचं काम, तो पुन्हा चढू न देणं तुमचं. उद्या सकाळी तोंड धुताना फोन बाजूला ठेवा आणि चूळ भरल्यावर बेसिनमध्ये बघा. पाणी गुलाबी दिसलं, तर पंधरा दिवस नीट घासून बघा. तरीही गुलाबीच? मग दुखायची वाट बघू नका, कारण ते बहुधा दुखणारच नाही. आणि सिगारेट ओढत असाल, तर पाणी स्वच्छ दिसलं म्हणून खूश होऊ नका. तुमची अपॉइंटमेंट आधीच ड्यू आहे, बॉस!